विश्लेषण : लॅपटॉपला डिस्क ‘दिसत नाही’ म्हणजे काय? ‘बायोस’ घडवणारे गॅरी किल्डॉल कोण होते?

लॅपटॉप सुरू केला, कंपनीचे बोधचिन्ह चमकले आणि नंतर काळ्या पडद्यावर एकच ओळ आली : बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही. दुरुस्तीच्या दुकानात गेले की बहुतेक वेळा दोनच उत्तरे मिळतात. हार्डडिस्क उडाली आहे, नवी टाका. किंवा फॉरमॅट मारून घ्या. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात फोटो, प्रकल्प अहवाल आणि वर्षानुवर्षांच्या फायली. प्रत्यक्षात अनेकदा डिस्क ठणठणीत असते. यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामधल्या एका पातळ थरात गडबड झालेली असते. या थराला आपण आजही ‘बायोस’ म्हणतो. हे नाव आणि त्यामागची कल्पना रूढ करणाऱ्या गॅरी किल्डॉल यांच्या आयुष्याची, आणि त्या कल्पनेच्या आधाराने लिनक्सवरचा बूटचा बिघाड कसा शोधायचा याची ही माहिती.

गॅरी किल्डॉल कोण होते?

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात झाला. घरची नौकानयन शाळा होती. खलाशांना दिशा, तारे आणि अंतरे यांचे गणित तिथे शिकवले जाई. गॅरी यांनीही तरुणपणी याच शाळेत शिकवले. गणिताचा शिक्षक व्हायचे, या विचाराने ते युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये दाखल झाले. तिथे संगणकाशी गाठ पडली आणि पुढची वाट बदलली. याच विद्यापीठातून १९७२ मध्ये त्यांनी संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता. सक्तीच्या लष्करी सेवेचा भाग म्हणून त्यांची नेमणूक कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिक्षक म्हणून झाली. सेवेचा काळ संपल्यावरही ते तिथेच शिकवत राहिले. माँटेरेपासून सिलिकॉन व्हॅली गाडीने फार लांब नाही. हे अंतर पुढे निर्णायक ठरले.

संशोधक म्हणूनही त्यांचे स्थान मोठे होते. कंपायलर एखादा प्रोग्राम अधिक वेगवान कसा करू शकतो, याविषयी त्यांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत आजही त्यांच्या नावाने शिकवली जाते. त्यामुळे केवळ ‘संधी हुकलेला उद्योजक’ अशी त्यांची ओळख करून देणे अपुरे आहे.

इंटेलशी संबंध कसा आला?

इंटेलने १९७१ च्या अखेरीस ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. एका चिपवर बसणारी ही गणनशक्ती अनेकांना ट्रॅफिक सिग्नल किंवा कॅल्क्युलेटरच्या कामाची वाटत होती. किल्डॉल यांना त्यात पूर्ण संगणक दिसला. या चिपसाठी त्यांनी गणिती आज्ञावली लिहिल्या आणि आठवड्यातील मोकळ्या दिवशी ते इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम करू लागले.

१९७३ मध्ये त्यांनी पीएल/एम ही भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी यंत्रभाषेतील आकडे जुळवत बसण्याऐवजी माणसाला वाचता येईल अशा भाषेत प्रोग्राम लिहिण्याची सोय यातून झाली. मात्र हे काम करण्यासाठी त्यांना मोठ्या संगणकावर अवलंबून राहावे लागे. आपल्या टेबलावरच्या लहान यंत्रावरच सगळे काम व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी स्वस्त आणि वेगवान साठवण हवी होती. तोवर लहान यंत्रांचा डेटा छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर राहत असे.

‘सीपी/एम’चा जन्म कसा झाला?

शुगार्ट कंपनीचा फ्लॉपी ड्राइव्ह किल्डॉल यांच्या हाती आला, पण तो मायक्रोप्रोसेसरला जोडायचा कसा, हा प्रश्न होता. ड्राइव्ह आणि संगणक यांच्यामध्ये बसणारा कंट्रोलर बाजारात नव्हता. हार्डवेअर हा किल्डॉल यांचा प्रांत नव्हता, त्यामुळे तो ड्राइव्ह बराच काळ तसाच पडून राहिला. अखेर विद्यापीठातील मित्र जॉन टोरोड यांनी कंट्रोलर बनवून दिला आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या लहानशा गावात, घरामागच्या शेडमध्ये पहिली सीपी/एम प्रणाली चालली. डिस्कवर फायली ठेवणारी, त्यांची यादी दाखवणारी आणि प्रोग्राम चालवणारी मायक्रोकॉम्प्युटरसाठीची ती एक आद्य ऑपरेटिंग सिस्टीम होती.

इंटेलने तिच्यात रस दाखवला नाही. तेव्हा किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी ती स्वतःच विकायला सुरुवात केली. कंपनीचे नाव ठेवले इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. पुढे ते नुसते डिजिटल रिसर्च झाले. किल्डॉल प्रोग्राम लिहीत आणि व्यवहार डोरोथी पाहत. मासिकांत जाहिराती द्यायच्या आणि टपालाने फ्लॉपी पाठवायच्या, असा तो धंदा होता.

‘बायोस’ची गरज का पडली?

खरी गोष्ट इथून सुरू होते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर प्रत्येक कंपनीचा लहान संगणक वेगळा होता. कुणाचा फ्लॉपी ड्राइव्ह वेगळा, कुणाचा कीबोर्ड वेगळा, तर कुणाचा प्रिंटर वेगळा. प्रत्येक नव्या यंत्रासाठी सीपी/एम वरपासून खालपर्यंत पुन्हा लिहावी लागे. आयएमएसएआय या संगणक कंपनीला सीपी/एम हवी झाली, तेव्हा किल्डॉल या कामाला कंटाळले होते. त्या कंपनीसाठी काम करणारे ग्लेन इविंग यांच्यासोबत त्यांनी एक उपाय केला. हार्डवेअरशी थेट बोलणारा सगळा भाग बाजूला काढून त्याचा एक छोटा, वेगळा थर केला. त्याचे नाव बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम, म्हणजेच बायोस.

आता सीपी/एमचे तीन भाग झाले. वरचा थर वापरकर्त्याच्या आज्ञा घेई, मधला थर फायलींचा हिशेब ठेवी आणि खालचा थर हार्डवेअर हाताळी. नवे यंत्र आले की फक्त खालचा थर बदलायचा. वरच्या दोघांना हात लावायचा नाही. नाटक मंडळी गावोगावी फिरताना संहिता तीच ठेवतात आणि नेपथ्य तेवढे त्या त्या रंगमंचाप्रमाणे बसवतात, तसाच हा प्रकार.

सीपी/एमच्या २.२ आवृत्तीत या थरात एकूण १७ ठरलेली कामे होती : एक अक्षर वाच, एक अक्षर दाखव, अमुक डिस्क निवड, अमुक ट्रॅकवर जा, सेक्टर वाच, सेक्टर लिही वगैरे. त्यातले ‘डिस्क निवड’ हे काम आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मागितलेली डिस्क यंत्रात नसेल, तर बायोसने उत्तरादाखल शून्य द्यायचे, असा नियम होता. ते शून्य मिळाले की मधला थर पडद्यावर निवडीची चूक दाखवून थांबे. आज आपल्या पडद्यावर येणाऱ्या ‘डिस्क सापडली नाही’ या ओळीचे मूळ रूप हेच म्हणता येईल. वरच्या थराला डिस्क कधीच थेट दिसत नाही. खालचा थर जे सांगतो तेवढेच त्याला कळते.

या रचनेचा परिणाम मोठा होता. आयएमएसएआयने २५ हजार डॉलर मोजून परवाना घेतला. पाठोपाठ इतर कंपन्या आल्या. १९८१ च्या सुमारास सीपी/एम सुमारे ३ हजार प्रकारच्या संगणकांवर चालत होती आणि डिजिटल रिसर्चचे वार्षिक उत्पन्न ५४ लाख डॉलरवर गेले होते. शब्दसंपादन किंवा हिशेबाचा एक प्रोग्राम लिहायचा आणि तो अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर विकायचा, हा सॉफ्टवेअरचा धंदा या थरामुळे शक्य झाला. विंडोजमधील ‘सी ड्राइव्ह’सुद्धा सीपी/एमच्याच वळणाचा आहे. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीला गेली आणि हार्डडिस्कच्या वाट्याला सी आले.

आयबीएमचा करार कसा हुकला?

किल्डॉल यांचे नाव निघाले की हाच किस्सा सांगितला जातो. १९८० मध्ये आयबीएम आपल्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम शोधत होती. बिल गेट्स यांनी आयबीएमच्या मंडळींना किल्डॉल यांच्याकडे पाठवले. ते पॅसिफिक ग्रोव्हला पोहोचले तेव्हा किल्डॉल स्वतःच्या विमानाने एका ग्राहकाकडे गेले होते. आयबीएमने चर्चेआधी गोपनीयतेचा एकतर्फी करार पुढे केला. डोरोथी यांनी वकिलाच्या सल्ल्याने लगेच सही करण्यास नकार दिला. त्यानंतर काय बोलणे झाले, याविषयी दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत.

करार झाला नाही, एवढे खरे. आयबीएम पुन्हा मायक्रोसॉफ्टकडे वळली. मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटलमधील टिम पॅटरसन यांनी लिहिलेली आणि सीपी/एमच्या धर्तीवर बेतलेली प्रणाली घेतली. तीच पुढे डॉस झाली. किल्डॉल यांनी साम्य दाखवून आक्षेप घेतल्यावर आयबीएमने सीपी/एमही विकण्याचे मान्य केले, पण दुकानात किमती दिसल्या तेव्हा निकाल लागल्यासारखा होता. आयबीएमची डॉस ४० डॉलरला होती, तर सीपी/एम-८६ २४० डॉलरला. ग्राहकाने कोणती उचलली असेल, हे सांगायला नको.

किल्डॉल विमान उडवायला गेले आणि अब्जावधी डॉलर गमावून बसले, असा या घटनेचा सुटसुटीत किस्सा झाला. ते खरे तर कामासाठी गेले होते आणि करारावर डोळे झाकून सही न करणे हा व्यवहारातील साधा सावधपणा होता. पण किस्सा जिंकला आणि माणूस मागे पडला.

बायोस हे नाव मात्र कसे टिकले?

आयबीएमने १९८१ च्या ऑगस्टमध्ये आपला पीसी आणला, तेव्हा हार्डवेअर हाताळणारा थर मदरबोर्डवरील रॉम चिपमध्ये बसवला आणि त्याला बायोस हेच नाव दिले. सीपी/एममध्ये हा थर डिस्कवरून मेमरीत येई. पीसीमध्ये तो यंत्रातच कायमचा बसला. पुढे कॉम्पॅक आणि फिनिक्ससारख्या कंपन्यांनी आयबीएमच्या बायोसप्रमाणे वागणारा, पण स्वतंत्रपणे लिहिलेला बायोस तयार केला आणि आयबीएमशी जुळणाऱ्या स्वस्त संगणकांचा पूर आला.

म्हणजे किल्डॉल यांची प्रणाली बाजारातून गेली, तरी त्यांनी आखलेली रेघ प्रत्येक पीसीत राहिली.

लिनक्सचा आणि या थराचा काय संबंध?

लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स १९९१ मध्ये जगासमोर आणले. त्याच वर्षी डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीला विकली गेली. लिनक्सने एक वेगळा मार्ग निवडला. संगणक सुरू होताना कर्नल मेमरीत आणण्यापुरती फर्मवेअरची मदत घ्यायची. कर्नल चालू झाला की डिस्कशी स्वतःच्या ड्रायव्हरने थेट बोलायचे. म्हणून लिनक्सच्या यंत्रात डिस्क दोनदा शोधली जाते : आधी फर्मवेअर शोधते, मग कर्नल शोधतो. या दोघांची उत्तरे वेगळी येऊ शकतात आणि बिघाडांचे मूळ बहुधा याच फरकात असते.

याचा जुना नमुना १९९० च्या दशकातला. त्या काळच्या बायोसला डिस्कवरचे पहिले १०२४ सिलिंडरच मोजता येत. म्हणून बायोसची नजर आधी सुमारे ५०४ एमबीपर्यंत आणि नंतर सुमारे ८.४ जीबीपर्यंत मर्यादित होती. लिनक्सला पूर्ण डिस्क दिसे, पण कर्नलची फाइल या हद्दीपलीकडे गेली तर बूट लोडरला ती सापडत नसे आणि यंत्र सुरू होत नसे. यावर उपाय म्हणून डिस्कच्या सुरुवातीलाच ‘बूट’ नावाचे छोटे पार्टिशन ठेवण्याची रीत पडली.

आजच्या लॅपटॉपमध्ये जुन्या बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. इंटेलने मूळ कल्पना आणली आणि २००५ पासून अनेक कंपन्यांचा एक मंच तिचे नियम ठरवतो. यूईएफआय डिस्कवरील एका छोट्या फॅट पार्टिशनमधून बूट लोडरची फाइल उचलते आणि बूटची यादी मदरबोर्डवरच्या मेमरीत ठेवते. तरी दुकानदारापासून अभियंत्यापर्यंत सगळे तिला बायोसच म्हणतात.

मग बिघाड नेमका कुठे आहे, हे कसे ओळखायचे?

किल्डॉल यांनी जसे थर वेगळे केले, तसेच बिघाड शोधतानाही करावे. खालून वर जायचे आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा.

१. फर्मवेअरला डिस्क दिसते का? यंत्र सुरू होताना एफ-२, एफ-१० किंवा डिलीट यांपैकी जी कळ लागू असेल ती दाबून सेटिंगमध्ये जा. तिथे डिस्कचे नाव नसेल तर लिनक्स पुन्हा टाकून उपयोग नाही. डिस्क काढून नीट बसवा, जुन्या यंत्रात केबल बदलून पाहा. एम.२ खाचेत बसणाऱ्या डिस्क दोन प्रकारच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. काही खाचा यांपैकी एकच प्रकार स्वीकारतात. हे सगळे करूनही नाव येत नसेल, तरच डिस्क बिघडल्याचा संशय घ्यावा. ती दुसऱ्या यंत्रावर तपासल्याशिवाय मात्र नवी घेऊ नये.

२. डिस्क दिसते, पण बूटच्या यादीत लिनक्स नाही? मग डिस्क बरी आहे, यादीतील नोंद पुसली गेली आहे. फर्मवेअर अपडेट झाल्यावर किंवा विंडोज पुन्हा टाकल्यावर असे होऊ शकते. लिनक्स यूईएफआय पद्धतीने टाकलेले असताना सेटिंग जुन्या ‘लेगसी’ पद्धतीवर गेले, तरीही बूट होत नाही. लाइव्ह पेनड्राइव्ह त्याच पद्धतीने सुरू करून ग्रब हा बूट लोडर पुन्हा बसवला की काम भागते. फायलींना धक्का लागत नाही.

३. जुन्या डेस्कटॉपवर तारीख मागे गेली आहे का? मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की सेटिंग मूळ स्थितीत जाते आणि त्याबरोबर डिस्कची पद्धतही बदलू शकते. हा बिघाड नव्या बॅटरीने जातो. बॅटरीचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो.

४. फर्मवेअरला डिस्क दिसते, पण लिनक्सच्या इन्स्टॉलरला दिसत नाही? इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये साठवणीचे सेटिंग ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असेल, तर एनव्हीएमई डिस्क कंट्रोलरच्या आड झाकली जाते आणि लिनक्सच्या नेहमीच्या ड्रायव्हरला ती सापडत नाही. अशा वेळी कर्नल आपल्या नोंदींमध्ये सेटिंग ‘एएचसीआय’वर न्या, असे सुचवतोही. ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन त्या नोंदी पाहता येतात. नव्या लॅपटॉपमधील ‘व्हीएमडी’ पद्धतीसाठी लिनक्समध्ये ड्रायव्हर आहे, पण त्यासाठी अलीकडची आवृत्ती वापरावी.

इथे एक सावधगिरी हवी. त्याच डिस्कवर विंडोज असेल, तर हे सेटिंग अचानक बदलल्यावर विंडोज सुरू होत नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगावे, मग सेटिंग बदलावे. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी. सेटिंग पूर्ववत केले की विंडोज सहसा परत येते. घाबरून फॉरमॅट करू नये.

५. ग्रब येते, कर्नल सुरू होतो आणि मधेच साधा शेल समोर येतो? म्हणजे फर्मवेअरचे काम संपले आहे. कर्नलला मुख्य पार्टिशन सापडत नाही. लिनक्स पार्टिशनला अक्षराने नव्हे, तर एका लांबलचक ओळखक्रमांकाने शोधते. डिस्कची नक्कल केल्यावर किंवा पार्टिशन फॉरमॅट केल्यावर तो क्रमांक बदललेला असू शकतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून खरा क्रमांक पाहून सेटिंगच्या फायलीत दुरुस्त करावा.

आणि पाचही पायऱ्यांच्या आधीचा नियम : लाइव्ह पेनड्राइव्हवरून डिस्क वाचता येत असेल, तर आधी फायली दुसरीकडे उतरवून घ्या. दुरुस्ती नंतर.

किल्डॉल यांचे पुढे काय झाले?

आयबीएमच्या प्रकरणानंतर किल्डॉल थांबले नाहीत. त्यांच्या कंपनीने एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रणाली आणल्या, चित्रमय पडद्याची जेम ही प्रणाली आणली आणि १९८८ मध्ये डीआर-डॉस आणली. दुसऱ्या एका कंपनीमार्फत त्यांनी सीडी-रॉमवर विश्वकोश आणण्याचे काम १९८० च्या दशकाच्या मध्यावर केले. तेव्हा सीडी म्हणजे गाणी एवढेच लोकांना ठाऊक होते. १९८३ ते १९९० या काळात ते अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीवरील ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या कार्यक्रमाचे सहनिवेदक होते. प्रतिस्पर्ध्यांच्या उत्पादनांबद्दलही ते तिथे शिक्षकाच्या शांतपणे बोलत.

एक सल मात्र राहिली. १९९२ मध्ये त्यांच्या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाला २५ वर्षे झाली. याच विभागाचे नामवंत विद्यार्थी म्हणून किल्डॉल यांना बोलावणे होते, पण मुख्य भाषणाचा मान बिल गेट्स यांना मिळाला. गेट्स या विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते. यानंतर किल्डॉल यांनी आठवणी लिहायला घेतल्या. शेवटच्या वर्षांत ते मद्याच्या व्यसनाशीही झगडत होते. ८ जुलै १९९४ रोजी माँटेरेमधील एका बारमध्ये त्यांच्या डोक्याला इजा झाली आणि ११ जुलैला त्यांचा मृत्यू झाला. ते ५२ वर्षांचे होते.

त्यांच्या आठवणींचा पहिला भाग कुटुंबीयांनी २०१६ मध्ये खुला केला. त्याआधी २०१४ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संघटनेने पॅसिफिक ग्रोव्हमध्ये त्यांच्या कामाची नोंद घेणारा फलक बसवला. सीपी/एम आज संग्रहालयांत आणि हौशी मंडळींच्या टेबलांवर उरली आहे. पण पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर डिस्क सापडली नसल्याची ओळ आली, तर लगेच फॉरमॅट मारू नका. आधी विचारा : डिस्क कोणाला सापडली नाही, फर्मवेअरला की लिनक्सला? हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारता येतात, ते किल्डॉल यांनी पन्नास वर्षांपूर्वी तो खालचा थर वेगळा काढला म्हणून.